बाबांची फियाट आणि बडोद्याचे बैल

गेल्या डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकून बडोद्याला ताईकडे जाऊन आलो. खरं म्हणजे भाच्याने बोलावलं होतं. "मामा, फोनवर सांगण्यासारखं नाही, तुम्ही या ने एकदा," असं तो दिवाळीपासून म्हणत होता. वाक्याच्या शेवटचं ते 'ने' अस्सल बडोद्याचं. गायकवाडांच्या बरोबर आलेली मराठी तिथे दोनशे-अडीचशे वर्षं गुजरातीच्या शेजारी राहते आहे, तेव्हा एवढी देवाणघेवाण व्हायचीच. आम्ही फोंड्याची माणसं घरात कोंकणी बोलतो आणि पत्र मराठीत लिहितो, त्यामुळे आम्हाला त्याचं नवल नाही.

ताईचं सासर दांडिया बाजारात. भाचा महाराजा सयाजीराव विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजची वंशावळ सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवनापर्यंत जाते. दादासाहेब फाळकेही एकेकाळी या कलाभवनात शिकत होते. हाताने काही करून बघण्याची हौस त्या इमारतीच्या भिंतींतच असावी.

पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर त्याने एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली. रकाने आखलेले, डावीकडे अनुक्रमांक, उजवीकडे शेरा. मी कारकून माणूस, मला वही बघूनच बरं वाटलं. वर शीर्षक होतं : 'रोटरीसाठी बॉडी'.

मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. इंजिनातलं मला काय कळणार? पण त्याने ज्या पद्धतीने समजावलं ती पद्धत मला आवडली, म्हणून तुम्हालाही सांगतो.

आपल्या नेहमीच्या मोटारीचं इंजिन म्हणजे मुसळ. पिस्टन वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो, आणि त्या वरखाली होण्याचं मग चाकासाठी गरगर फिरण्यात रूपांतर करावं लागतं. रोटरी इंजिन म्हणजे रगडो. आपल्याकडे खोबरं वाटायला दगडी रगडो असायचा ना, तसा. शेंगदाण्याच्या टरफलाच्या आकाराची, मध्ये थोडी चेपलेली एक पोकळी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण रगड्याच्या गुंड्यासारखा हेलकावत फिरतो. त्या त्रिकोणाच्या तीन बाजूंना तीन कप्पे होतात. एकात पेट्रोल-हवा आत येते, दुसऱ्यात दाबली जाते आणि पेटते, तिसऱ्यातून धूर बाहेर. झडपा नाहीत, पिस्टन नाही, वरखाली काहीच नाही. त्रिकोण एकदा फिरला की मधला दांडा तीनदा फिरतो. म्हणून हे इंजिन आकाराने लहान आणि चालायला गुळगुळीत.

फेलिक्स वांकेल नावाच्या जर्मन माणसाच्या कल्पनेतून हे निघालं. पहिलं नमुना-इंजिन १९५७ साली फिरलं. जर्मनीच्या एनएसयू कंपनीने ते गाडीत बसवलं, पण ते नेटाने चालवलं जपानच्या माझदाने. १९६७ ची कॉस्मो, १९७८ ची आरएक्स-७, आणि १९९१ साली फ्रान्समधली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी गाडी, या सगळ्या रोटरीवर चालणाऱ्या. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाचा ट्रक आठवतो, ती गोष्ट वेगळी! पण रोटरी आपल्या देशात अगदीच परकी नाही. निशांत नावाच्या आपल्या लष्करी वैमानिकरहित विमानासाठी बंगळूरच्या आणि अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) सरकारी संशोधन संस्थांनी मिळून असं ५५ अश्वशक्तीचं इंजिन इथेच तयार केलं, आणि २००९ साली कोलारजवळ ते उडवूनही पाहिलं.

दोषही आहेत. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजतात, पेट्रोल जास्त लागतं, थोडं ऑइल तर ते मुद्दामच जाळतं, आणि तापतं फार. भाच्याच्या ओळखीच्या एका हौशी गृहस्थांकडे पहिल्या आरएक्स-७ चं एक इंजिन गुंडाळून ठेवलेलं आहे. ते त्याला मिळण्यासारखं होतं.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"इंजिन मिळणं सोपं आहे मामा. अंग मिळणं कठीण."

अंग म्हणजे बॉडी. त्या रात्री बारापर्यंत आम्ही त्या वहीतल्या ओळी वाचत बसलो.

पहिली ओळ मारुती ८००. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, म्हणजे हलकी, स्वस्त, गल्लीगल्लीत मिळणारी. पण तिचं इंजिन आडवं आणि पुढची चाकं ओढणारी. रोटरी हवी उभी, मागे गियरबॉक्स, त्यामागे लांब दांडा आणि मागची चाकं ढकलणारी. ८०० ला हे करायचं तर गाडीचा मधला भाग कापून नवा बोगदा करावा लागेल. शेरा : नाही.

दुसरी मारुती ओम्नी. मागची चाकं ढकलते, हे चांगलं. पण इंजिन पुढच्या सीटच्या खाली. "रोटरीचा धूर इतका गरम असतो की चालवणारा भाजून निघेल," असं म्हणून त्याने स्वतःच हसून ती ओळ खोडली होती.

तिसरी स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासची. ही मला आठवते. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती. तिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, इंजिनाभोवती माणूस उभा राहून काम करू शकतो. शिवाय चासी वेगळी आणि बॉडी वेगळी, त्यामुळे कापाकापीची भीती कमी. पण मागच्या चाकांची जुनी बैठक जोरात वळताना दगा देते. आणि आज हेराल्ड सापडली तर ती कोणीतरी जपलेली असते. जपलेली गाडी कापणं त्याला पटत नव्हतं.

चौथी जिप्सी. उंच. अँबॅसडर आणि काँटेसा लहान गाड्यांत मोडत नाहीत म्हणून त्यांना वहीत जागाच नव्हती.

पाचवी प्रीमियर पद्मिनी. म्हणजे आपली फियाट. १९७४ च्या सुमारास तिचं नाव बदलून पद्मिनी झालं तरी गोव्यात तिला फियाटच म्हणत राहिले. मूळची इटलीची, तयार होत असे वालचंद हिराचंदांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात. इंजिन उभं, मागची चाकं ढकलणारी, नाकात रेडिएटर आणि ऑइल कूलर असे दोन्ही बसतील एवढी जागा. रोटरीला ऑइल थंड ठेवणं पाण्याइतकंच महत्त्वाचं असतं म्हणे. आणि एक गंमत बघा. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. ते माझदाचं इंजिन ११४६ सीसी. कागदावर जवळजवळ सारखंच. पण पद्मिनीची ताकद चाळिसेक अश्वशक्ती आणि त्याची शंभराच्या घरात!

"म्हणजे पद्मिनीच योग्य," मी म्हणालो.

"योग्य आहे, पण अडीचपट ताकद आली की तिचा गियरबॉक्स टिकणार नाही. मागचा ॲक्सल टिकणार नाही. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक, ते तर आधी बदलायला हवेत. शेवटी पद्मिनीचं उरतं काय, तर फक्त अंग. म्हणून ते अंग चांगलं हवं. पत्रा कुजलेला नको, ठोकलेलं नको." एवढं बोलून तो थांबला आणि त्याने पान उलटलं. तिथे एकच ओळ होती.

'६. पद्मिनी, १९८५, फोंडा. आजोबांची.' शेऱ्याचा रकाना रिकामा.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते हे.

बाबांनी १९८५ साली ती गाडी घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. बाबांचं फोंड्याच्या बाजारात दुकान. नंबर लावून कित्येक दिवस वाट पाहिल्यावर मिळालेली मोतिया रंगाची फियाट. पहिल्या दिवशी म्हार्दोळला, तिथून मंगेशीला, मग घरी. पुढच्या सलग सीटवर बाबा, आई आणि मध्ये मी. गियर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असल्यामुळे मध्ये बसायला मुलाला जागा असायची. बाबा २०१२ साली गेले. तेव्हापासून गाडी पडवीला लागून, ताडपत्रीखाली आहे. मी चालवायला शिकलो नाही. दोन पावसाळ्यांत एकदा ताडपत्री बदलतो, एवढीच माझी सेवा. गेल्या वर्षी भंगारवाल्याला बोलावलंही होतं. भाव ऐकून परत पाठवलं, आणि खरं सांगायचं तर भाव कमी आला याचं बरंच वाटलं.

ताई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. बाहेर आली ती पदराला हात पुसत, आणि मुलासमोर मराठी बोलणारी ताई एकदम कोंकणीवर आली. "बाबाली गाडी ती. तुज्या नांवार आसा म्हणून ती तुजी जायना."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या गोव्यात मुलगा आणि मुलगी वारसाहक्कात सारखे. पोर्तुगिजांच्या नागरी संहितेतून आलेला हा कायदा मुक्तीनंतरही टिकला आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण बाबा गेल्यावर गाडी नावावर करायची वेळ आली तेव्हा मी फॉर्म ३१ भरला, आणि ताईकडून 'ना हरकत' असं लिहून सही घेतली. ती बाराव्याला आलेली होती, परत जायची घाई होती. मी कागद पुढे केला, तिने न वाचता सही केली. कायद्याने त्यात काही चूक नाही. पण त्या गाडीचं स्टिअरिंग खरं धरलं होतं ते ताईने. अठराव्या वर्षी बाबांनी तिला शिकवलं, फोंड्याच्या बाजारातून फियाट घेऊन जाणारी मुलगी म्हणून लोक वळून बघत. लग्न होऊन बडोद्याला येईपर्यंत बाबांना दुकानातून घरी आणायचं काम तिचंच होतं. मी सीटच्या मध्ये बसणारा.

आणखी एक गोष्ट डोक्यात घोळत होती. गाडीच्या नोंदणी-पुस्तकात दोन क्रमांक असतात, एक इंजिनाचा, एक चासीचा. मी त्या खात्यातला नाही, पण कारकुनाला सगळ्या खात्यांचे फॉर्म थोडेफार कळतात. जुन्या इंजिनाच्या जागी तसंच दुसरं आलं तर रीतसर नोंद होऊ शकते. पण चासीचा क्रमांक म्हणजे गाडीची ओळख. तो गेला की गाडी गेली. इंजिन हा प्राण असं आपण म्हणतो, सरकार मात्र अंगाला ओळखतं!

आणि रोटरी तर 'तसंच दुसरं' नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजीचा संच बसवणं वेगळं, भलतंच इंजिन बसवणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे रोटरी बसवलेली बाबांची फियाट कॉलेजच्या आवारात फिरेल, एखाद्या बंदिस्त ट्रॅकवर धावेल, पण रस्त्यावर येऊ शकणार नाही. सकाळी चहा घेताना मी हे भाच्याला सांगितलं. त्याला ठाऊक होतं. "ते माहीत आहे मामा. मला रस्त्यावर न्यायचीच नाही. मला फक्त जमतं का ते बघायचंय."

ताई काही बोलली नाही. तिने चहा गाळला आणि आत गेली.

रविवार होता. भावोजी म्हणाले, चला, डभोईला जाऊन येऊ. घरातली हवा बदलावी असा त्यांचा हेतू असणार. डभोईची हिरा भागोळ, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ल्याची कोरीव वेस, बघण्यासारखीच आहे. ती बघून आम्ही स्टेशनाच्या बाजूला आलो. आता तिथे ब्रॉडगेज आहे. सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे, केवडियाला जाणारी गाडी २०२१ साली इथूनच सुरू झाली. पण भावोजींनी जी गोष्ट सांगितली ती त्याच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षं आधीची.

खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची वीस मैलांची रेल्वे घातली गेली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. आणि ती गाडी ओढायला काय होतं? बैल! रुळांवर डबे, आणि पुढे बैलजोडी. पुढच्याच वर्षी वाफेची इंजिनं आली. विलायतेत नामांकित कारखान्यात तयार झालेली, दिमाखदार. पण रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन त्यांना पेलेना. मग काय केलं असेल? इंजिनं बाजूला ठेवली आणि बैल पुन्हा जुंपले. दहाएक वर्षांनी, १८७३ साली, जड रूळ घातल्यावर कुठे इंजिनांना रस्ता मिळाला.

मी आधी हसलो. इंजिन दारात उभं आणि गाडीला बैल, हे चित्रच तसं आहे. पण परत येताना मला त्या दरबारातल्या अनाम कारभाऱ्याचं कौतुक वाटू लागलं. नवं इंजिन आलंय म्हणून त्याने ते रुळांवर रेटलं नाही. रूळ मोडले असते, इंजिनही गेलं असतं. बैल जुंपण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. गुजरातेत एन्फील्डच्या पुढच्या भागाला डिझेल इंजिन आणि मागे ट्रॉली जोडून जे वाहन करतात त्याला छकडो म्हणतात. छकडो म्हणजे मूळची बैलगाडीच. नावातला बैल त्यांनी जाऊ दिला नाही. आपल्याकडेही जुन्या कारेरीची परदेशी चासी आली की तिच्यावर लाकडी अंग चढवायचा आपला सुतारच. लोकांना नेहमी ठाऊक होतं की ताकद बाहेरून आणता येते, पण ती पेलणारं अंग आपलं आपल्यालाच बघावं लागतं.

भाचा गाडीत गप्प होता. कपुराई चौकडीजवळ आल्यावर म्हणाला, "मामा, फियाटची फरशी कशी आहे?"

"कुठली फरशी?"

"खालचा पत्रा. पायाखालचा."

मी कधी बघितलंच नव्हतं. बारा-तेरा पावसाळे, खारी दमट हवा, तांबडी माती. काय राहिलं असेल? मी ताईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा असतानाच ड्रायव्हरच्या बाजूला भोक पडलं होतं. रबरी मॅट टाकून मी चालवत होते. खाली रस्ता दिसायचा." आणि ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

रात्री मी वही मागून घेतली. सहाव्या ओळीचा शेरा मीच लिहावा असं मनात होतं. पण ती उघडली तर भाच्याने तो आधीच लिहिलेला होता. 'नाही. आईची.'

गाडी आजोबांची होती, नावावर मामाच्या होती, आणि त्या मुलाने रकान्यात लिहिलं, आईची. सरकारी नोकरीत वीस वर्षं मी नोंदी करतो आहे, इतकी अचूक नोंद क्वचित पाहिली असेल.

त्याने त्याचा नाद सोडला असं नाही. सोडूही नये. नोंदणी रद्द झालेल्या एका पद्मिनीचा सांगाडा त्याने फेब्रुवारीत बघून ठेवला. पत्रा चांगला, कागद नाहीत. रस्त्यावर जायचंच नाही त्याला कागद कशाला? आता तो आधी ब्रेक आणि मागचा ॲक्सल यांच्या मागे लागला आहे. इंजिन अजून त्या गृहस्थांकडे गुंडाळलेलंच आहे. "आधी रूळ," असं तो फोनवर म्हणतो.

बाबांची फियाट मे महिन्यात ट्रकवर चढून बडोद्याला गेली. फरशी नवीन घातली, ब्रेक दुरुस्त केले, आणि इंजिन तेच, चाळीस अश्वशक्तीचं. बैलजोडी म्हणा हवं तर. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायची तर इथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो, त्यासाठी फॉर्म २८. नावावर करून द्यायला २९ आणि ३०. सगळे फॉर्म मीच भरले. अक्षर चांगलं काढून.

बाबा गेल्यावर तिने ना हरकत लिहून सही केली होती. या वेळी मी केली. तिच्यापेक्षा थोडं जास्त वाचून.